आठल्येमास्तरांचा शिष्य

रामघाटावरच्या आमच्या घरात उजेडाच्या आधी आवाज यायचा. तळमजल्यावर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वेदपाठशाळा होती. गंगेत डुबकी मारून आलेली मुलं ओले पंचे बदलून ओळीने बसत आणि अण्णांचा जाड, सपाट आवाज दिवसाची पहिली संथा सोडी. मग ती मुलं आपल्या कोवळ्या गळ्यांनी तीच ओळ उचलत. मंत्र पाठ करण्याची आमच्याकडे एक रीत आहे, तिला जटा म्हणतात. पहिला शब्द आणि दुसरा म्हणायचा, मग उलटून दुसरा आणि पहिला, मग पुन्हा सरळ. तेवढं झालं की दुसरा आणि तिसरा धरायचा, उलटायचा, सुलटायचा. मदनपुऱ्यात विणकराचा धोटा जाऊन परत येतो आणि बघता बघता साडी बोटभर वाढलेली असते, तसं ते चाले. मीही त्या ओळीत दोन-तीन वर्षं बसलो. माझा उच्चार बरा होता, पण थोड्या वेळाने माझे शब्द गळून पडत आणि मी नुसती चाल गुणगुणत डोलत राही. अण्णा डोळे मिटून शिकवत, तरी त्यांना ते बरोबर कळे. "मधू, तू म्हणतोयस की गातोयस?" ते विचारत, आणि बाकीची मुलं पंच्यात तोंड लपवून हसत.

स्वयंपाकघर मधल्या मजल्यावर. थंडीत आई चूडा-मटर करी. तुपात परतलेले पोहे आणि कोवळे मटार, बनारसमध्ये ते घरोघरी होतात; पण आई त्यात चिमूटभर गोडा मसाला घालायची. समोरच्या मिश्राइन काकी जिन्यातूनच ओरडत, "ए पंडिताइन, तुम लोग हर चीज में पूना डाल देती हो!" आणि असं म्हणत वाटी पुढे करत. आमच्या घरात पुणं पाहिलेलं कोणीच नव्हतं. चार पिढ्यांपूर्वी कोणीतरी कोकणातून इकडे आलं ते इथलंच झालं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि भांडण लागलं की आईसुद्धा अस्सल बनारसी.

तिसऱ्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाऊ भाड्याने राहत. त्यांचं नाव यशवंत रामचंद्र आठल्ये. हे नाव मी मुद्दाम पूर्ण लिहितो आहे. माझ्या नावाबरोबर ते आजवर कुठेही आलेलं नाही.

भाऊ व्हायोलिन वाजवत. मध्य भारतातल्या एका संस्थानाच्या बँडमध्ये ते पोरवयात लागले, तिथल्या गोव्याच्या बँडमास्तरांकडून हनुवटीखाली व्हायोलिन धरून वाजवायला शिकले. बँड मोडला तेव्हा कलकत्त्याला गेले आणि काही वर्षं सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले, मग तिथेच लोकांना वाद्यवृंद बसवून देऊ लागले. त्यांची मोठी बहीण, अक्का, काशीत विधवा झाली तेव्हा ते सगळं सोडून तिच्यासाठी इथे आले आणि एका मुलींच्या शाळेत संगीतशिक्षक झाले. बांधा शिडशिडीत, अंगात बाराही महिने तोच काळा कोट, उन्हाळ्यात तो फक्त खांद्यावर येई. अक्का बोलायला तिखट होत्या. भाऊ वाजवत असले की त्या भाजी चिरता चिरता म्हणत, "यशवंता, जरा थांब रे, तुझ्या रडण्यापुढे मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही." भाऊ थांबत, शिट्टी मोजत आणि पुन्हा सुरू करत.

मी वर कधी जाऊ लागलो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की अण्णांनी एक दिवस संथेतून मला उठवलं आणि म्हणाले, "तुझ्या डोक्यात शब्द राहत नाहीत. वर जाऊन मास्तरांकडे काय ते कर." ते रागावले होते की त्यांना माझं मन कळलं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांची अट एकच होती. व्हायोलिनच्या गजाला घोड्याचे केस असतात, तेव्हा ते वाद्य पाठशाळेत किंवा देवघरात येता कामा नये. त्यामुळे माझं व्हायोलिन कायम वर भाऊंकडेच राहिलं. माझं म्हणजे भाऊंचंच दुसरं, बँडच्या दिवसांतलं. मी सात-आठ वर्षं त्यावर वाजवलं, आणि घाटावरून ऐकणाऱ्याला वाटे की मास्तरच वाजवताहेत. पुढे जे घडलं ते खपून गेलं त्याचं एक कारण हेही आहे.

भाऊ स्वतः उभे राहून वाजवत, पण मला त्यांनी मांडी घालून बसवलं आणि व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवायला लावलं. त्यांनी स्वतः तसं कधी वाजवलं नव्हतं. कुठे गवय्यांच्या मागे बसलेल्या वादकांना बघून बघून त्यांनी ती बैठक माझ्यासाठी शोधून काढली. "मी उभा राहिलो म्हणून लोक मला बँडवाला म्हणतात," ते हसून म्हणाले. "तुला कोणी म्हणायला नको." गजाचा हात मात्र त्यांनी मला त्यांच्याच बँडमास्तरांचा दिला. गज एका टोकाला पोचला आणि उलटा फिरला की सुरात खाच पडते. ती पडू नये म्हणून मनगट कसं सैल सोडायचं, हे त्यांनी माझा पंजा आपल्या पंजात घेऊन शिकवलं. ते शेजारी बसत आणि चुकलं की बोटाच्या पेराने माझ्या गुडघ्यावर टकटक करत. "गज आहे तो मधू, केरसुणी नव्हे." "आज तुझा गंधार उपाशी दिसतोय. जरा वर उचल बिचाऱ्याला." "हे काय वाजवलंस? पुन्हा वाजव, म्हणजे मलाही कळेल."

एकदा पलटे घोटून घोटून मी कंटाळलो होतो. खालून संथा ऐकू येत होती. भाऊंनी हात वर करून मला थांबवलं. "ऐक. अण्णा काय करून घेताहेत?"

"जटा."

"मग तेच बोटांनी कर. शब्दाच्या जागी सूर घे. सा रे, रे सा, सा रे. रे ग, ग रे, रे ग. असं शेवटपर्यंत जा."

मला हसू आलं. ते म्हणाले, "हसतोस काय? तुझ्या घरात एवढ्या पिढ्यांचा रियाज आयता चाललाय, आणि तू माझ्याकडून कलकत्त्याच्या सरगमा शिकतोस." त्या दिवसापासून ते रोज सकाळी जिन्यात उभे राहून संथा ऐकत, वर येऊन तिचा एखादा नवा सुरांचा पलटा करत आणि माझ्याकडून बसवून घेत. कितीतरी महिने हे चाललं होतं. साध्या उलटसुलट सुरांतून हळूहळू रागाचे लांबच लांब गोफ तयार झाले. तसं वाजवणारं तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. आजही माझ्या वादनाची ओळख म्हणून जे सांगतात ते हेच.

गच्चीवर माकडांचा राबता असे. गजाला लावायची राळेची वडी भाऊ कट्ट्यावर ठेवत. एका माकडाने ती गूळ समजून उचलली. भाऊ मूठभर हरभरे घेऊन अर्धा तास त्याच्यापुढे अजिजी करत होते, "घ्या महाराज, हे गोड आहे, ते कडू आहे." महाराजांनी वडी चाटून पाहिली आणि थेट मिश्राइन काकींच्या डाळीच्या पातेल्यात फेकली. आठवडाभर त्यांच्याकडून वाटी आली नाही.

भाऊंचा खरा जीव त्यांच्या शाळेच्या वाद्यवृंदात होता. सतार, हार्मोनियम, जलतरंग, बासरी, दोन व्हायोलिनं, आणि ज्या मुलींना काहीच येत नसे त्यांच्या हातात मंजिऱ्या. तारा जुळवायला ते मला सोबत नेत. आपल्याकडे असा सगळ्यांनी मिळून, कोणाच्या तरी इशाऱ्यावर वाजवण्याचा रिवाज नाही. भाऊ पतंगाची एक कामटी हातात घेऊन मुलींपुढे उभे राहत, त्यामुळे त्यांची पाठ लोकांकडे होई. काशीत मोठ्यांकडे पाठ करून उभं राहणं म्हणजे बेअदबी. स्नेहसंमेलनात मागून कोणीतरी हमखास म्हणे, "मास्टर हवा झाड़ रहे हैं." मी एकदा विचारलं, "भाऊ, जरा बाजूला तोंड करून नाही का उभं राहता येणार?"

"मुलींना माझा चेहरा दिसायला हवा," ते म्हणाले. "लोकांना माझं तोंड बघून काय मिळणार आहे?"

पण कामटी वर गेली की सगळ्या मुली एकदम श्वास घेत. तो श्वास पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येई. त्यानंतर जो पहिला सूर निघे, तसा भरलेला सूर मी पुढे मोठमोठ्या सभागृहांतही फार वेळा ऐकला नाही.

मागच्या महिन्यात इथे शहरात माझा सत्कार झाला. मी आता मुलाकडे राहतो, घाटापासून लांब, लिफ्टच्या इमारतीत. गुडघ्यांमुळे गल्ल्यांतल्या पायऱ्या सुटल्या. सत्कारात निवेदन करणाऱ्या मुलीने माझा परिचय वाचला, आणि त्यात ती गोष्ट होतीच, जी माझ्याबद्दल छापलेल्या प्रत्येक मजकुरात असते. रामघाटावरच्या वैदिकाच्या मुलाने कोणत्याही गुरूशिवाय, केवळ वेदपाठ ऐकून ऐकून व्हायोलिन आत्मसात केलं, आणि त्याची ती साधना बघून पंडितजींनी त्याला पदरात घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खांद्यावर शाल, हातात नारळ, असा मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला असावा. त्या गोष्टीत वेदपाठ खरा आहे, वैदिकाचा मुलगा खरा आहे. मधला माणूस मी काढून टाकला. तो कसा काढला, ते आता लिहितो.

पंडितजी म्हणजे कोण, हे माझा परिचय ज्यांनी वाचला आहे त्यांना माहीत आहे. मोठे गवई, काशीतच काय, देशात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांच्या साथीला व्हायोलिन वाजवणारे गृहस्थ आजारी पडून गावी गेले, तेव्हा ते कोणातरी तरुणाच्या शोधात आहेत असं भाऊंच्या कानावर आलं. अहिल्याबाई घाटाजवळ एका शेठजींची हवेली होती, तिथे वसंतपंचमीला दुपारची बैठक असे आणि पंडितजी येत. शेठजींची नात भाऊंच्या शाळेत होती. तिच्या ओळखीने भाऊ दोनदा हवेलीवर जाऊन आले आणि मला पंडितजींपुढे दहा मिनिटं वाजवायला मिळतील, एवढं कबूल करून आले. वर येताना ते तीन मजले चढून धापा टाकत होते. अक्का म्हणाल्या, "स्वतःसाठी कधी कोणाच्या दारात गेला नाहीस."

"स्वतःसाठी काय मागायचं?" भाऊ म्हणाले. "मधूचा हात बघितला नाहीस का तू?"

त्या दिवशी त्यांनी कोटाला इस्त्री केली, आणि व्हायोलिनची पेटी मला उचलू दिली नाही; माझ्या हाताला ओझं नको म्हणून. गल्ल्यांतून जाताना ते एकदम म्हणाले, "तिथे विचारतील, कोणाकडे शिकलास म्हणून. आपल्या गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा असतो. सगळे गवई लावतात. नाही लावलास तर म्हणतील, पोराला रीत शिकवलेली नाही." मग थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "उगाच सांगतोय. लक्षात असू दे."

हवेलीचं अंगण पिवळ्या फुलांनी भरलं होतं. बसायची जागा मिळाली ती अगदी कडेला. पान फिरत होतं, पंडितजी लोडाला टेकून बसले होते, भरदार, गोरे, हसरे. शेठजींच्या बैठकीतल्या एका रिकामटेकड्याने भाऊंना ओळखलं. "का हो मास्टर, आज पीठ ना देखइबा?" म्हणजे, आज पाठ नाही का दाखवणार? आजूबाजूचे हसले. पंडितजींनी विचारलं, कोण, काय, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं. त्यांनी भाऊंकडे वळून पाहिलं. "अच्छा, वो बारात सजाने वाले आप ही हैं? सुना है हवा में चप्पू चलाते हैं!" यात कडवटपणा नव्हता, मोठ्या माणसाची सहज थट्टा होती, म्हणूनच सगळे मनापासून हसले. भाऊही हसले आणि हात जोडले. मी त्यांच्या शेजारी होतो. मी थोडासा सरकलो. पेटी आमच्या दोघांच्या मध्ये आली, एवढंच.

मग माझं नाव पुकारलं. मी वाजवायला बसलो, आणि का कोण जाणे, त्या दिवशी हात माझ्या कह्यात होता. आलाप झाला, मग मी ते जटेचे पलटे सुरू केले. पंडितजी लोडावरून उठून बसले. "अरे, अरे," असं ते दोनदा म्हणाले. मी थांबलो.

"गज पलटता है और पता नहीं चलता," ते शेठजींना म्हणाले. मग मला, "और ये उलट-पलट कहां से लाया बेटा? किससे सीखा?"

त्या क्षणाला माझा हात कानाकडे जायला निघाला होता. समोर ते सगळे चेहरे होते, आत्ताच हसलेले, आणि माझ्या तोंडून "आठल्येमास्तर" हा शब्द बाहेर पडला की पुन्हा हसतील असं मला स्पष्ट दिसत होतं. पंडितजी म्हणतील, अरे, बारातवाल्यांचा मुलगा का. आणि संपलं. माझा हात मानेवर गेला आणि मी खाजवल्यासारखं केलं.

"किसी से नहीं, महाराज. पिताजी के यहां वेदपाठ होता है. बचपन से सुनता आया. सुन-सुन के..."

अंगणभर "वाह" उठलं. पंडितजींनी डोळे मिटून हात जोडले, मला नाही, वेदाला. मग शेठजी त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले आणि त्यांची नजर कडेला गेली. "क्यों मास्टर, आप तो इन्हीं के मकान में रहते हैं. सच बात है?"

मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. खरं सांगतो, त्या एका क्षणात मला तसं व्हावं असंही वाटलं. भाऊ उभे राहिले. वर्गात मुलं उत्तर देताना राहतात तसे, हात मांड्यांना लावून.

"जी," ते म्हणाले. "मैं तो रोज़ सुनता हूं. लड़का अपने आप ही बजाता है."

त्याच आठवड्यात पंडितजींनी मला गंडा बांधला. मनगटावर दोरा, तोंडात गूळ-हरभरे, आणि त्या घटकेपासून मी त्यांचा. परतीच्या वाटेवर, वसंतपंचमीच्याच दिवशी, भाऊंनी मला कचौडी खायला घातली. "झालं बघ तुझं काम," ते म्हणाले. "व्हायोलिन आता तुझ्याकडेच ठेव. पंडितजींच्या घरी न्यायला लागेल." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "आधी खा. गार होतेय."

गंड्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा वर गेलो. त्यांच्यासमोर बसून वाजवलं. चुकलोसुद्धा असेन. गुडघ्यावर पेर वाजलं नाही. वाजवून झाल्यावर ते म्हणाले, "छान."

"भाऊ, ती तान बरोबर गेली का?"

"छान झालं. आता पंडितजी सांगतील ते. दुसऱ्याच्या शिष्याला हात लावू नये."

ही रीत खरीच आहे. एकाचा गंडा बांधला की दुसऱ्याने शिकवायचं नसतं. ते मला शिक्षा देत होते की रीत पाळत होते, याचा मी साठ वर्षं विचार करतो आहे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते.

अण्णांच्या कानावर हवेलीतली हकीकत शेठजींकडूनच गेली. शेठजी स्वतः घरी आले, अण्णांना शाल दिली, म्हणाले, आपल्या वेदपाठातून हे रत्न निघालं. अण्णांना सगळं माहीत होतं. त्यांनीच मला वर पाठवलं होतं. त्यांनी शाल घेतली. रात्री जेवताना ते ताटाकडे बघत एवढंच म्हणाले, "वेदाचं नाव झालं." आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने मला न विचारताच भात वाढला. बोलल्या त्या फक्त अक्का. जिन्यात मला गाठून त्यांनी माझा हात धरला, "अरे, माणूस कोणाच्या घरी पाणी प्यायला तरी त्याचं नाव सांगतो. तू काय प्यायलास?" वरून भाऊंचा आवाज आला, "अक्का, दूध उतू जातंय." दूध चुलीवर नव्हतंच.

पुढच्या गोष्टी इतरत्र छापलेल्या आहेत. पंडितजींनी मला भरभरून दिलं, त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही; त्यांना मी फसवलं, हे त्यांना कधी कळलं नाही. भाऊ दोन वर्षांनी गेले, थंडीत, दोन दिवसांच्या तापाने. मी पंडितजींबरोबर दक्षिणेत होतो. परत आलो तेव्हा मणिकर्णिकेचं सगळं उरकलं होतं. शाळेच्या मुली घाटापर्यंत चालत गेल्या होत्या असं आईने सांगितलं. अक्का नंतर इंदूरला पुतण्याकडे गेल्या, त्यांनी माझा निरोप घेतला नाही. भाऊ होते तोवर मी खरं सांगू शकलो असतो. ते गेल्यावरही सांगू शकलो असतो. अण्णा असेपर्यंत त्यांच्या शालीचं कारण दिलं, पंडितजी असेपर्यंत त्यांच्या नावाचं. आता ते दोघेही नाहीत, आणि तरीही मागच्या महिन्यात मी मान खाली घालून बसलो.

पण दक्षिणेच्या त्या दौऱ्याला निघायच्या आधीची एक दुपार आहे, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

मी निरोप घ्यायला वर गेलो होतो. सुषमा नावाची शाळेतली मुलगी तिथे शिकायला आलेली होती, दहा-बारा वर्षांची, दोन वेण्या, नुकतीच मांडी घालून व्हायोलिन धरायला शिकलेली. भाऊ तिच्यावर ओरडत होते. "अगं, सूर धरायचा आहे, ढेकूण नव्हे! दाबतेस काय एवढं?" मला बघून ते थांबले आणि उठून चटई घातली. पूर्वी ते माझ्यासाठी कधी उठत नसत. मी म्हणालो, "भाऊ, जायच्या आधी थोडं वाजवू?" ते म्हणाले, "वाजवा ना."

मी भूप सुरू केला. शिकाऊ मुलांना पहिल्यांदा जे राग देतात त्यांतला हा. मला तो त्यांनीच दिला होता. या रागात मध्यम, म्हणजे म हा सूर, नाही. तो आला की संगीत न शिकलेल्या माणसालाही दाताखाली खडा आल्यासारखं होतं. चार-पाच आवर्तनं मी नीट वाजवली. मग जाणूनबुजून, गंधारावरून पंचमावर जाताना, मी मध्यम घेतला. ओझरता नाही, चांगला थांबून, घोळवून घेतला. मला गुडघ्यावरचा तो टोला हवा होता. एकदा त्यांनी ओरडावं, माझ्या हातातून गज हिसकावून घ्यावा, काहीही करावं, म्हणून मी तो सूर पुन्हा घेतला.

भाऊंची बोटं मांडीवर आखडली. मी ते पाहिलं. पण बोलली ती सुषमा. "दादा, मध्यम लागला तुमचा!" ती खुदकन हसली.

"सुषमा," भाऊ म्हणाले. "मोठ्यांना असं टोकायचं नाही."

"पण भाऊ, तुम्हीच काल मला..."

"ते पंडितजींचे शिष्य आहेत. त्यांच्याकडे घेत असतील." मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ, पाहुण्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "असतं ना तुमच्याकडे तसं?"

तेव्हा मी "चुकलो" म्हणू शकत होतो. एवढाच एक शब्द. तो ऐकायला ते थांबलेही होते, असं मला आज वाटतं. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"हो," मी म्हणालो. "आमच्याकडे कधीकधी घेतात."

"छान," भाऊ म्हणाले.

मी पाया पडलो, पेटी बंद केली आणि जिना उतरू लागलो. पहिल्या वळणाशी पोचलो तोच वरून त्यांचा आवाज आला, तो जुना आवाज, मला ओळखीचा. "हं, आता इकडे बघ. भूपात मध्यम नाही. कोणीही घेतला तरी नाही. गंधारावर थांब, तो पुरता भरू दे, आणि मग पंचमाला जा. मधे कुठे पाय टेकायचा नाही. घे." सुषमाने सुरुवात केली आणि मधे पाय टेकला. "पुन्हा." तिने पुन्हा केलं. "नाही. मनगट सैल. पुन्हा." खालून आईची जेवायला हाक येत होती, पानं वाढली होती, टांगा यायची वेळ झाली होती. मी हातानेच तिला थांब म्हणालो, आणि ती मुलगी चुकत होती तोवर त्या वळणावर पेटी घेऊन उभा राहिलो.